फेज कोन बदलते?

जब्बारचाचांच्या दुकानात गिऱ्हाईक काहीही मागायला येवो, प्रिंटरची शाई, माऊस, मोबाईलचा चार्जर, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. चष्मा कपाळावर ढकलायचा, समोरच्या माणसाकडे नीट बघून घ्यायचं आणि विचारायचं, "घरी फेज कोन बदलते?"

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. मेडशीहून आमच्या वाशिमकडच्या मालेगावपर्यंत एसटीत उभ्यानं आले होते. डोक्यात बारा दिवसांची मुदत होती. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान शोधलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, "चाचा, गेमिंगच्या कम्प्युटरले ग्राफिक्स कार्ड पाह्यजे, जुनं चालत नाई, बजेट अकरा हजार, आजच पाह्यजे."

"फेज कोन बदलते?"

"मी कार्ड मागून राह्यली चाचा, लाईनमन नाई!"

राग यायला मला फार वेळ लागत नाही. आई म्हणायची, या पोरीचं दूध सारखं उतू जाते. चाचांनी मात्र मनावर घेतलं नाही. स्टूल पुढे सरकवलं. "बस. पानी पी. मंग सांग, कोन बदलते?"

"बाबा," मी म्हणाले. "आमची पिठाची गिरणी हाय. बाबाच बदलते."

आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. गावात विजेच्या तीन तारा येतात, त्या तीन फेज. शेतातल्या मोटरी एकदम सुरू झाल्या की त्यातली एखादी तार मरगळते. दिवा लालसर होतो, पंख्याची पाती मोजता येतात. ज्यांच्या घरी तिन्ही फेज आलेल्या असतात, त्यांच्यातलं कुणीतरी मग उठतं, बोर्डावरचा पांढरा चिनी मातीचा फ्यूज उपसतं आणि दुसऱ्या फेजच्या खाचेत दाबतं. दिवा फट्‌कन उजळतो. पस्तीस वर्षं हे काम बाबांनी केलं. जेवता जेवता उठायचे, डाव्या हातानं फ्यूज बदलायचे आणि पुन्हा घास घ्यायचे. त्यात काही चुकतं आहे असं कुणाच्या मनातही येत नसे.

चाचा मुळात कम्प्युटरवाले नव्हते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी विहिरीवरच्या मोटरींचं वायंडिंग केलं, तांब्याची तार गुंडाळून जळक्या मोटरी जिवंत केल्या. हाताच्या बोटांना त्या तारेच्या रेषा कायमच्या पडल्या होत्या. नजर अधू झाल्यावर लोक आराम करतात, हे गृहस्थ त्याहून बारीक कामाकडे वळले. पन्नाशीनंतर कम्प्युटर शिकले, कुणाकडून ते कधी सांगितलं नाही. दाढीला मेंदी, गळ्यात दोरी बांधलेलं भिंग. दुकानातली कार्डं ते शेवयांच्या पत्र्याच्या डब्यात फोम घालून ठेवायचे आणि जुनं कार्ड हातात आलं की आधी नाकाशी न्यायचे. दोन-तीनदा हुंगायचे, खरबूज घेताना बायका हुंगतात तसं. "डोळ्याले फसवता येते," म्हणायचे, "जळलेलं लपवता येत नाई."

मी त्यांना मोबाईलवर अकोल्याची जाहिरात दाखवली. वापरलेलं कार्ड, आठ जीबीचं, दोन पंख्यांचं, अगदी माझ्या बजेटात. विकणारा रोज निरोप पाठवत होता, लवकर सांगा, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.

चाचांनी फोटो भिंगाखाली धरला. "दोन पंख्याचं कार्ड म्हनजे जावई हाय. त्याले वेगळं ताट वाढा लागते." मग माझ्या कम्प्युटरच्या आतला फोटो मागून घेतला आणि वीज पुरवणाऱ्या डबीवर बोट ठेवलं. "हे पाह्य तुही पॉवर सप्लाय. गरीब हाय बिचारी. हिच्यानं जावई पोसल्या जात नाई."

"मंग कोनतं घेऊ?"

"कोनतं ते मागून. पहिले त्याले घरात खायले काय भेटते ते पाहू." त्यांनी ड्रॉवरमधून व्होल्टेज मोजायचं मीटर काढलं आणि शाळेतली चाळीस पानी वही. "सकाळ, दुपार, सांज. तीन टाईम मोजाचं अन् लिवाचं. आठ दिवस. फेज बदलला का तेही लिवाचं. मंग ये."

आठ दिवस! माझ्या हातात बाराच होते. मी चिडले, विनवण्या केल्या, दुसरीकडून घेईन म्हणाले. चाचा भिंग लावून आपल्या कामाला लागले होते. "घे ना," वर न बघता म्हणाले. "पन वही लिव."

आता हे बारा दिवस कसले, ते सांगायला हवं.

तो कम्प्युटर माझा नव्हता, दादाचा होता. अमोलदादाचा. गिरणीला नवी मोटर घ्यायची म्हणून बाबांनी जमवलेले पैसे त्याच्या हाती देऊन त्याला वाशिमला पाठवलं होतं आणि हा शहाणा मोटरीऐवजी गेमिंगचा कम्प्युटर घेऊन आला. यावर व्हिडिओ बनवीन, कमावीन, मोटर दुप्पट मोठी आणीन, असं काहीबाही त्याच्या डोक्यात होतं. त्या दिवशी अंगणात जे झालं ते शेजारपाजारच्या चार घरांनी ऐकलं. बाबा म्हणाले, "या डब्याले दळन दळता येते का?" दादा म्हणाला, "मले तुमची गिरनी चालवाचीच नाई." बाबांचा हात उठला. दुसऱ्या दिवशी दादा चाकणला कंपनीत कामाला निघून गेला. बाबांनी जुनी मोटर वायंडिंग करून आणली आणि ज्या खोलीत तो कम्प्युटर होता त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नाही.

तीन वर्षं दादानं घरचा फोन उचलला नाही. आई गेली तेव्हा आला, तिसऱ्या दिवशी न सांगता परत गेला. मी मेसेज करायची, तो बघायचासुद्धा नाही. मग एकदा ऑनलाईन फॉर्म भरायच्या कामासाठी मी तो धूळ खात पडलेला कम्प्युटर सुरू केला आणि त्यात त्याचा ट्रकचा गेम दिसला. दोघांनी दोन ट्रक घ्यायचे आणि परदेशातल्या लांबलचक रस्त्यांवरून माल पोचवायचा, एवढाच गेम. मी सहज उघडला, तर पलीकडून आवाज आला, "कोन हाय बे?"

"मी. निशा."

त्याचा ट्रक माझ्या पुढे आला. मग म्हणाला, "गिअर बदल. चढावर बंद पडन."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सात ते साडेआठ आम्ही ट्रक चालवायचो. तो मित्राच्या खोलीवर, मी मेडशीत, दोघांच्या कानाला हेडफोन. फोनवर तोंडातून शब्द न काढणारा माझा भाऊ रस्त्याकडे बघत सगळं बोलायचा. कंपनीनं ब्रेक दिला, काम थांबलं, खोलीतले दोघं गावी गेले, जेवण जात नाही, झोप येत नाही. मी फक्त "हं" म्हणायची आणि ट्रक त्याच्या मागे ठेवायची. त्याची अट एकच होती, "घरी सांगू नको. सांगशीन त्या दिवशी हेबी बंद."

आणि आता गेमची नवी आवृत्ती यायची होती. एक तारखेपासून जुनी बंद. नव्या आवृत्तीला नवं ग्राफिक्स कार्ड लागत होतं, कारण गेममधला रस्ता, झाडं, पाऊस, सगळं तेच रंगवतं आणि आमचं जुनं कार्ड दमलं होतं. मी दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "जाऊ दे मंग. राहू दे." हे "जाऊ दे" त्यानं थकलेल्या, विझलेल्या आवाजात म्हटलं. हे दार बंद झालं की पोरगा कुठे शोधायचा मी? दोन वर्षं फॉर्म भरून साठवलेले अकरा हजार घेऊन मी मालेगावला पळाले ती त्या आवाजामुळे, आणि तिथे हे चाचा मला वही लिहायला सांगत होते.

मी लिहिली. सकाळी दोनशे पंचेचाळीस, दुपारी दोनशे दहा, संध्याकाळी एकशे सत्तर. बाबांनी फेज बदलला की काटा उडी मारून दोनशे साठच्या पुढे. मीटर बघून बाबांनी विचारलं, "हे काय हाय?" मी म्हटलं, "कॉलेजच्या पोरीचं हाय, प्रोजेक्ट." खोटं बोलताना माझे कान लाल होतात, पण बाबा माझ्या कानाकडे बघत नव्हते, मीटरकडे बघत होते. अकोल्याचा माणूस रोज विचारायचा, घेता का? जेवणात लक्ष नाही, फॉर्म भरताना एकाचं आडनाव दुसऱ्याला लावलं आणि बोलणी खाल्ली.

सहाव्या दिवशी मला राहवलं नाही. अकोल्याची बस धरली आणि ते दोन पंख्यांचं कार्ड घेऊन आले.

व्हिडिओ बघून बघून स्वतःच बसवलं. जावयाला वेगळं ताट हवं होतं, म्हणजे विजेची वेगळी वायर, तर एक जोडवायर लावून दिलं भागवून. त्या संध्याकाळी गेम असा काही पळाला की मी हरखून गेले. काचेवरचे थेंबसुद्धा दिसत होते. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा आपणहून बोलायला लागला. म्हणाला, "निशे, एक सांगू का? मी परवा डॉक्टरकडं..."

माझ्या कानाला हेडफोन होता. दिवा लाल झाला ते मला दिसलं नाही, पलीकडच्या खोलीत बाबा उठले ते ऐकू आलं नाही. पट्‌ असा आवाज झाला, अंधार झाला, दिवा लखकन आला आणि डब्यातून पांढरा धूर निघाला. मी हुंगलं. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

डॉक्टरकडं काय? काय झालं डॉक्टरकडं? मी फोन लावला, उचलला नाही. मेसेज टाकला, "लाईट गेली, दादा, मी नाही कट केलं." तो त्यानं बघितलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तो सगळा डबा मांडीवर घेऊन मी मालेगावला गेले.

चाचांनी डबा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "वही."

वही घेऊन पान उलटलं. "पाचच दिवस हाय. सहाव्या दिवशी काय झालं?"

मी खोटं सांगायला तोंड उघडलं आणि रडायला लागले. भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर. चाचांनी गिऱ्हाइकांना "बाद में आव" म्हणून वाटेला लावलं. मी सगळं सांगितलं. मोटर, अंगण, आई, ट्रक, "जाऊ दे", डॉक्टर. दादाची अटसुद्धा. कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यांना सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुहं चुकलं नाई पोरी. घाबरलेला मानूस मोठंच घेते. लहान घेतलं तर पुरन का नाई असं वाटते त्याले."

मग डबा उघडला. पॉवर सप्लाय तर राख झाली होती. अकोल्याचं कार्ड हुंगून त्यांनी मान हलवली. "हे पहिलेच आजारी होतं. भट्टीवानी रातंदिस राबवलं असन कोनं. तुह्या बापानं फकत शेवटचा धक्का देल्ला." पण आतला मदरबोर्ड वाचला होता. चाचांनी शेवयांचा डबा उघडला आणि तळहाताएवढं, एका पंख्याचं कार्ड काढलं. "हे घे. वेगळं ताट लागत नाई याले. घरात जे शिजलं ते खाते. गेममधले थेंब दिसनार नाई तुले, पन रस्ता दिसन. अन् भाऊ बोलन."

माझ्याकडे पैसे उरले नव्हते. मी मान खाली घालून तसं सांगितलं, तर ते जळकं कार्ड त्यांनी आपल्या पेटीत टाकलं. "याच्यातले चिप माह्या कामाचे हाय. अदलाबदल झाली." किती खरं आणि किती माझ्यासाठी, देव जाणे. पॉवर सप्लायही त्यांनी चांगली दिली, एक जुना स्टॅबिलायझरही दिला. पण बसवायला आपण शुक्रवारी घरी येणार, असं म्हणाले. तेव्हा दुकान बंद असायचं.

मी हादरलेच. "चाचा, बाबाले समजन."

"फेजचं बोलाच लागन. नाईतर हेबी जळन."

"दादाचं नका सांगू. तुमाले शपथ हाय."

"मी फेजचं बोलतो," चाचा म्हणाले.

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून ते मोपेडवर आले. एक तारखेला दोन दिवस होते. बाबा घराला लागूनच असलेल्या गिरणीच्या खोलीत दळण करत होते. "जब्बारभाई! आज इकडं कुठं?" गिरणीची जुनी मोटर यांनीच वायंडिंग करून भरली होती, हे मला तेव्हा कळलं.

"सुधाकरभाऊ, फेज कोन बदलते?"

"मी," बाबा छाती काढून म्हणाले. "पस्तीस वर्सं झाले."

"चला, दाखवा मले."

दोघं बोर्डाजवळ गेले. गिरणी चालूच होती. मी चहा घेऊन दारात उभी होते. मला चाचांचे ओठ हललेले दिसत होते आणि पट्ट्याच्या घरघरीत एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. फ्यूज बदलू नका एवढं सांगायला इतका वेळ? एकदा बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. संपलं सगळं, मला वाटलं. आता बाबा त्या खोलीत जातील, कम्प्युटर अंगणात फेकतील आणि दादा माझ्यापासून कायमचा तुटेल. पण बाबा पुन्हा बोर्डाकडे वळले. चाचांनी बोर्डावर एक छोटं मीटर ठोकलं, लाल आकड्यांचं, आणि बाहेर आले. त्यांची मेंदीची दाढी पिठानं पांढरी झाली होती.

"काय बोलले चाचा तुमी?"

"फेजचं."

"वीस मिनटं?"

"तुह्या बापाले ऐकाले कमी येते," ते म्हणाले आणि कार्ड बसवायला आत गेले.

बसवताना त्यांचा हात बघण्यासारखा होता. कार्ड खाचेत दाबायचं म्हणजे क्षणाचं काम, पण आधी त्यांनी खिडकीची लोखंडी सळई धरली, अंगातली वीज जमिनीत जाऊ दे म्हणाले, तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हटलं आणि मगच हात लावला. बारीक टक्‌ आवाज झाला. "बसलं," म्हणाले. मोटरी भरायचे तेव्हाही असंच करत असतील.

त्या संध्याकाळी सात वाजता मी हेडफोन लावला. पाच मिनिटं कुणी नाही. दहा मिनिटं कुणी नाही. मग दादाचा ट्रक वळणावर दिसला. "मले वाटलं बाबा आले खोलीत," तो म्हणाला. "म्हनून फोन नाई घेतला." डॉक्टरकडे तो झोपेच्या तक्रारीसाठी गेला होता. गोळ्या सुरू झाल्या होत्या. घरात कुणाला तरी माहीत असावं असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मला सांगत होता. एवढंच होतं ते. मी त्याच्यावर इतकी ओरडले की त्याचा ट्रक कठड्याला धडकला.

एक तारीख आली आणि गेली. चाचांचं ते बुटकं कार्ड नव्या आवृत्तीतही चालत राहिलं. थेंब नाही दिसले, रस्ता दिसला. दीड वर्ष झालं या गोष्टीला. दादाला दुसऱ्या कंपनीत काम मिळालं, जेवायला लागला, हसायला लागला. मेडशीला मात्र आला नाही आणि बाबांचं नाव काढलं की गप्प व्हायचा.

बाबांनी संध्याकाळी फेज बदलणं सोडलं. दिवा लाल झाला की लाल दिव्यातच बसायचे. उन्हाळ्यात पंखा नुसता लटकल्यासारखा व्हायचा, तरी उठायचे नाहीत. अंगावरचा सदरा भिजायचा. मी मनात म्हणायची, चाचांनी चांगलाच दम दिलेला दिसतोय, घराला आग लागेल वगैरे.

मी चाचांकडे अधूनमधून जायची. काम काही नसायचं. ते नव्या गिऱ्हाइकाला "फेज कोन बदलते?" विचारायचे, गिऱ्हाईक वैतागायचं आणि चाचा माझ्याकडे बघून भुवई उडवायचे. मला विचारायचे, "रस्ता दिसते ना?" मी म्हणायची, "दिसते चाचा." भावाचं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. कुणाच्या घरातली गोष्ट दुकानात आली तर ती शेवयांच्या डब्यासारखी झाकण लावून ठेवायची, ही त्यांची रीत.

या उन्हाळ्यात ते गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मातीला बाबा गेले होते, मला उशिरा कळलं. चार दिवसांनी मी चाचींना भेटायला गेले. दुकान अर्धं आवरलं होतं. भिंतीशी वह्यांची चळत होती, चाळीस पानी, प्रत्येकीवर गावाचं आणि माणसाचं नाव. चाची डोळे पुसत म्हणाल्या, "बेटा, तुमची वही घेऊन जाय. तुझे बाबा गेल्या बाजारी आले, इथंच इसरले."

"बाबा? इथं?"

"हर बाजाराले येत होते ना. दोघं वही घेऊन बसायचे."

मी वही उघडली. पहिली पाच दिवसांची पानं माझ्या अक्षरातली. त्यापुढे बाबांचं अक्षर, चौथी शिकलेल्या माणसाचं, मोठं मोठं, रेघ सोडून जाणारं.

साडेसात. १६८. बदलला नाही. पोरगी हसून राह्यली.

साडेसात. १७४. बदलला नाही. आज भांडून राह्यले दोघं.

पावणेआठ. १५९. बदलला नाही. पोरगी रडली. काय झालं समजलं नाही.

आठ. १६१. बदलला नाही. अमोलले काम लागलं वाटते.

पान उलटावं तर हेच. दीड वर्षाचं. सणावारीसुद्धा. दिवाळीच्या दिवशी एकच ओळ होती, "बदलला नाही. येतो म्हनला का ते ऐकू आलं नाही."

मी तिथेच खाली बसले. चाचांनी सांगितलं होतं तर! शपथ घातलेली असताना त्या गिरणीच्या घरघरीत सगळं सांगून टाकलं होतं आणि मला म्हणाले, फेजचं बोललो. मला त्यांचा राग आला, इतका आला की ते समोर असते तर भांडले असते. आणि त्याच वेळी त्यांचे पाय धरावेसे वाटले. दीड वर्ष मी ज्या भीतीनं दार लावून, आवाज दाबून बोलत होते, ती गोष्ट बाबा पलीकडच्या खोलीत घामाने भिजत बसून राखत होते. मुलाच्या बोलण्यात खंड पडू नये म्हणून. मला एकदाही कळलं नाही. मी मेली शहाणी, दिव्याकडे बघत होते आणि दिव्याखालच्या माणसाकडे नाही.

त्या संध्याकाळी सात वाजता मी ट्रक काढला. साडेसातला दिवा लाल झाला. मी दार उघडं ठेवलं होतं. बाबा बोर्डाखाली खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर, नजर त्या लाल आकड्यांवर.

"दादा," मी म्हणाले, "बाबाले माहीत हाय. दीड वर्सापासून. तू बोलत असला का ते फेज बदलत नाई. अंधारात बसते." आणि वहीतल्या चार ओळी वाचून दाखवल्या.

पडद्यावर दादाचा ट्रक हळू झाला, रस्त्याच्या कडेला लागला, थांबला. आता बंद करतो की काय, असं वाटलं.

"किती हाय आता व्होल्टेज?" त्यानं विचारलं.

"एकशे बासष्ट."

"दे त्याहिले."

मी हेडफोनची वायर ताणून दारापर्यंत नेली. बाबा उठले. पिठाचे हात धोतराला पुसले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीचा उंबरा ओलांडला आणि खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले. मी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. पडद्यावर उभा असलेला तो ट्रक ते टक लावून बघत होते.

"अमोल," शेवटी म्हणाले, "गाडी काहून थांबवली बाप्पा?"

मी बाहेर आले. बोर्डाखालच्या खुर्चीवर बसून वही उघडली आणि बाबांच्या अक्षराखाली चाचांच्या नियमानं त्या दिवसाची ओळ लिहिली.

साडेसात. १६२. बदलला नाही. बाबा बोलून राह्यले.